पुंजाजी कोतवाल पोळ्यापाशी थांबायचे

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी देवेंद्रकुमार, शिरपूर जैनचा. वडिलांचं, शिखरचंदजींचं, तिथं किराणा दुकान होतं. ते सोडून मी ग्रामसेवकाची नोकरी धरली म्हणून बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तर मी चार दिवस बोललो नाही. असा मी. चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात माझी बदली किन्हीराजाच्या पलीकडच्या एका लहानशा गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या एका म्हशीच्या अब्रूचा प्रश्न आहे.

म्हैस हेमसिंगची. झालं असं, की मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीला चुना मारायला काढला आणि सगळं दप्तर बाहेर ओट्यावर उन्हात मांडलं. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात नवे कागद जोडले होते, तेही ज्वारीच्या पिठाची खळ करून, चांगली जाड. वाळवी लागू नये म्हणून कोणा शहाण्यानं सांगितलं आणि या गड्यानं त्या खळीत मीठ घातलं! पीठ आणि मीठ. म्हैस आणखी काय मागते? चुन्याचा पहिला हात सुकायच्या आत तिनं रजिस्टर संपवलं. पुठ्ठे तेवढे ठेवले. हेमसिंग म्हणे, "दोन रोज दूध कमी देल्लं तिनं." जसं काही आम्हीच तिला खाऊ घातलं होतं.

जन्म-मृत्यूची नक्कल दर महिन्याला वाशीमला तहसिलीत पाठवायची असते. पाठवली असती तर रडणं नव्हतं. पण आमच्या त्या महाभागानं मार्चअखेरपर्यंतची पाठवली आणि पुढं प्रत्येक महिन्यात म्हटलं, आता पुढच्या महिन्यात एकदमच पाठवू. म्हणजे मार्चपर्यंतचं तहसिलीत सुरक्षित, आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचे सहा महिने म्हशीच्या पोटात. तो गेला बदलून आणि निस्तरायला मी आलो.

तहसिलीचा कागद माझ्या आधी येऊन पडला होता. हुकूम असा: मार्चपर्यंतचं नकलेवरून उतरवून घ्या. पुढचं कोतवालाच्या साक्षीनं, झालं त्याच क्रमानं लिहा. घरच्यांच्या नुसत्या सांगण्यावरून नोंद घेऊ नका. जिथं साक्ष संपेल तिथं तांबडी रेघ मारा, सही करा, त्याखाली काहीही चढवू नका, आणि नवं पान चालू महिन्यापासून सुरू करा. दिवाळीच्या आत. हुकूम कडक होता, पण खोटा नव्हता. घरच्यांना विचारत बसलं की कोणी पोराचं वय दोन वर्षांनी कमी करतो, कोणी म्हाताऱ्याचं मरण सोयीनं पुढं-मागं करतो. असलं रजिस्टर ठेवण्यापेक्षा म्हशीला दिलेलं बरं.

गावचे कोतवाल पुंजाजी. साठीकडे आलेले, उंच, अंगात खाकी कोट, त्यावर पितळी बिल्ला. पहिल्याच दिवशी आले. "जयभीम, शेटजी." मी नोकरदार माणूस, दुकान बापाचं, तरी सगळं गाव मला शेटजीच म्हणायचं. मला राग यायचा. मी म्हटलं, "रजिस्टर तर गेलं, पुंजाजी. आता?"

"गेलं तं गेलं. म्या थोडीच खाल्लं? मायापाशी हाये सारं."

"कुठं आहे?"

त्यांनी खिशातून अंबाडीची एक दोरी काढली. त्यांना लिहिता येत नव्हतं. गावात फिरताना पोरगं झाल्याचं कळलं की एक गाठ, पोरगी झाली की दुहेरी गाठ, कोणी गेलं की चिंधी बांधायची. बाजाराच्या दिवशी येऊन ग्रामसेवकाला क्रमानं सांगायचं, आणि "लिवलं की सोडलं", म्हणजे कागदावर उतरलं की दोरी मोकळी. वीस वर्षं हेच. आता दोरीवर फक्त गेल्या आठवड्याच्या दोन गाठी होत्या. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "दोरीले कायले पाहता? गाठी सोडल्या, मी थोडीच इसरलो?"

आणि खरंच सांगतो, बाप्पा, त्या माणसानं बसल्या बसल्या रामनवमीपासून सुरुवात केली. "रामनवमीच्या रोजी हरिसिंगच्या घरी पोरगं. तिसऱ्या रोजी चंदाबाईची सासू गेली, म्हातारपणानं. मंग बाजाराच्या आधल्या रोजी..." हाताशी दोरी, एकेक बोलत जायचे आणि बोटं आपोआप गाठ मारत जायची. मी कॅलेंडर घेऊन तारखा बसवत गेलो. देवी टोचणाऱ्यांच्या वहीत त्या उन्हाळ्यातल्या बाळांची यादी होती, ती मागवून पडताळली. एकही चूक नाही. मी नोकरीत पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण असं डोकं पाहिलं नाही.

त्यात एकच भानगड होती. मधून विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. "आषाढात हेमसिंगच्या भावाकडे काय झालं?" म्हटलं की गप्प. "मधातून नाही येत, शेटजी." पुन्हा रामनवमी, पुन्हा हरिसिंगचं पोरगं, पुन्हा चंदाबाईची सासू. मला जैनाला रामनवमी पाठ झाली.

आणि दुसरी भानगड ही, की ते पोळ्यापाशी थांबायचे. "पोळ्याच्या रोजी सोमलाच्या घरी पोरगं," म्हणून गाठ मारायचे, दोरी मांडीवर ठेवायचे. "इथवर."

"आणि पुढं?"

"पुढचं नाही आठोत."

"अहो, एप्रिलचं आठवतं आणि ऑगस्टचं आठवत नाही? पोळ्याला काय भांग प्याले होते?"

"नाही आठोत, शेटजी."

आठ-दहा दिवस हे चाललं. एकतीस नोंदी चोख, आणि बत्तिसावी निघेना. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, एकदा तर म्हणालो, "कामचुकारपणा आहे हा!" साठीच्या माणसाला मी हे बोललो. आज ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्याच दिवसांत रोज सकाळी एक बाई पायरीवर येऊन बसायची. पंचविशीची, मांडीवर दोनेक महिन्यांचं बाळ. काही मागायची नाही, बोलायची नाही. पुंजाजी बोलून संपले, पोळ्यापाशी थांबले, की उठून जायची. मला वाटलं रेशन कार्डासाठी येत असेल. एक दिवस पुंजाजी गेल्यावर मी तिलाच धारेवर धरलं. "काय काम आहे, बाई?"

"काई नाही. मायी पोरगी लिवाची होती."

तिचं नाव पंचफुला, गोविंदाची बायको. पुंजाजींच्याच वस्तीतली. मी विचारलं, "जन्म कधीचा?"

"धोंड्याच्या महिन्यातला."

"म्हणजे यंदाच्या अधिकातला, पोळ्याच्या पुढचा. मग नाही व्हायचं." आणि मला वाटलं आपण समजूत काढतोय, म्हणून आणखी म्हणालो, "एवढं काय अडलंय तुझं? पोरगी चांगली धडधाकट आहे. शाळेत घालशील तेव्हा गुरुजी लावतील एक जुलै. निम्म्या गावाचा जन्म एक जुलैचाच आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर मी हसलोही.

तिनं बाळाच्या तोंडावरचा पदर सारखा केला. "हे मायी नोहे, साहेब. मायी मेली. मेलेल्या पोरीले कोण शाळेत घालते?"

माझं हसणं तोंडातच राहिलं.

मग तिनं सांगितलं, मी विचारलं नसतानाही. पहिलं बाळंतपण. पोरगी झाली, बाराव्या दिवशी नाव ठेवलं, संघमित्रा. सासू म्हणाली, एवढ्याशा पोरीले एवढं मोठं नाव! पंचफुलानं विहारात ते नाव ऐकलं होतं आणि तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. आणि तिसऱ्या आठवड्यात पोरीनं दूध सोडलं, ताप आला, गेली. ना फोटो, ना आंगडं. आंगडं तिच्यासोबतच गेलं. घरात आता तिचं नाव कोणी काढत नव्हतं. सासू म्हणायची, झालीच नव्हती असं समज. गोविंदा वाईट माणूस नव्हता, पण तोही म्हणायचा, जाऊ दे. "आता बाया मले म्हणतेत, तुले काय मालूम लेकराचं. मले लेकरू झालं होतं, साहेब. कुठं तरी लिवलेलं पाह्यजे नं."

"आणि ही कोणाची?"

"हे पुंजाजीबाबाची नात. विमलची."

विमल ही पुंजाजींची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी मुलगी झाली आणि त्याच दिवशी विमल गेली. नात राहिली. पुंजाजींची बायको कस्तुराबाई तिला शेळीच्या दुधावर जगवत होती, ते दूध तिला पचत नव्हतं. इकडं पंचफुलाची पोर गेली आणि अंगावर दूध तसंच. ती आपणहून त्यांच्या घरी गेली आणि बाळ मांडीवर घेतलं. तेव्हापासून तीच पाजत होती.

"त्यायले आठोते सारं," पंचफुला म्हणाली. "पण पोळ्याच्या पुढं पयली विमलच हाये. तिच्यावरून त्यायले जाता नाही येत. तुमी त्यायच्यावर वरडू नोका."

मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. शेवटी विचारलं, "मग तू रोज येऊन कशाला बसतेस?"

"कदी निघालंच त्यायच्या तोंडून, तं मी जागेवर असावं म्हणून." मग म्हणाली, "नाही निघालं तं तुमी रेघ मारा. त्यायचा जीव काढून मायं नाही लिवाचं." आणि बाळ खांद्यावर घेऊन गेली.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही. सांगणारीनं सांगितलं रेघ मारा. हुकूमही तेच म्हणतो. मारली असती तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हा माझा दुसरा दोष. दिवस मावळायच्या आत मी पुंजाजींच्या घरी गेलो.

कस्तुराबाईंनी चहा ठेवला. माझं सूर्यास्तानंतर खाणं-पिणं बंद असतं हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण म्हणाल्या, "लौकर घ्या शेटजी, दिवस बुडून राह्यला." मी घेतला. माझ्या आईला, जतनबाईला, हा चहा मी जन्मभर सांगितला नाही.

पुंजाजी समोर बसले होते. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्हाला वाटेल ते बोललो. मला माहीत नव्हतं." मी पुढं म्हटलं, "उद्या पोळ्यापाशी रेघ मारतो. तुमच्यावर काही येणार नाही. फक्त पंचफुलाच्या मुलीचं राहिलं."

त्यांनी मान वर केली. "तिचं काऊन राहीन? मले वाटलं, पुढचं तुमी घरोघर इचारून लिवसान."

"घरच्यांचं चालत नाही, पुंजाजी. तुमच्या तोंडून यावं लागतं. आणि क्रमानंच."

"हे मले कोणी सांगतलं नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. दहा दिवस मी पुढं बोला, पुढं बोला म्हणून घसा कोरडा केला, पण कशासाठी ते एकदाही सांगितलं नाही. हुकूम माझ्या टेबलाच्या खणात. ज्याच्या साक्षीवर सगळं उभं, त्यालाच मी तो वाचून दाखवला नव्हता! मला शिकलेला म्हणणाऱ्यांची कमाल आहे.

पुंजाजींनी पाळण्याकडे पाहिलं. पाळणा रिकामा होता, नात पंचफुलाकडे होती. मग एवढंच म्हणाले, "सकाळी येतो."

सकाळी आले तेव्हा कोट घालून, बिल्ला चिंचेनं घासून आले. दोरी मोकळी होती. पंचफुला बाळाला घेऊन नेहमीच्या पायरीवर. मी म्हटलं, आत ये. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. पुंजाजींनी सुरुवात केली. रामनवमी, हरिसिंगचं पोरगं, चंदाबाईची सासू. मी ते कधीच लिहून ठेवलेलं, तरी प्रत्येक नोंदीवर बोट ठेवत गेलो, कारण त्यांना मधून येत नव्हतं आणि घाई करायची माझी लायकी नव्हती. एकतीस गाठी झाल्या. "पोळ्याच्या रोजी सोमलाच्या घरी पोरगं."

बोटं थांबली. मी दौतीत टाक बुडवून धरला होता, त्याची शाई कागदावर पडली तरी मी तो उचलला नाही.

"तिसऱ्या रोजी," पुंजाजी म्हणाले, "पुंजाजी कोतवालाच्या घरी पोरगी. लेकीची लेक." दुहेरी गाठ मारली. ती मारायला त्यांना फार वेळ लागला. मग कोटाच्या खिशातून चिंधी काढली. "त्याच रोजी... पुंजाजी कोतवालाच्या घरी..."

पुढचं येईना. ओठ हलत होते. नमुन्यात रकाने असतात, नाव, वय, कारण, आणि ते मलाच विचारायचे होते. मी जितक्या हळू विचारता येईल तितक्या हळू विचारलं, "नाव?"

"विमल."

"वय?"

"वीस."

"कारण?"

"बाळंतपण." त्यांनी चिंधी बांधली, घट्ट केली आणि हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. मीही पुसले. लपवत नाही.

"आता लिवा, शेटजी. त्याच्या पुढचे पाच रोज खाली सोडा. म्या घराभाईर पाय नाही ठेवला. त्या पाच रोजात गावात कोण झालं, कोण गेलं, मले मालूम नाही. ऐकून-ऐकून सांगणार नाही."

पंचफुलाची मुलगी त्याच पाचांत असली तर? मी तिच्याकडे पाहिलं. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला होता. मी पाच दिवसांच्या तारखा घालून समोर लिहिलं, साक्ष नाही. आजही ती जागा कोरी असेल. तिथं काही भरायचा मोह मला झाला नाही असं म्हणणार नाही, पण भरलं नाही.

"सहाव्या रोजी सकाळी," पुंजाजी म्हणाले, "मी घरात पडून होतो. शेजारून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. पयलं रडणं. कस्तुराले म्हटलं, हे आपली नोहे. तशी ते म्हणे, गोविंदाच्या घरी झाली. मंग उठलो. कोट घातला. गोविंदाच्या घरी पोरगी." आणि दुहेरी गाठ मारली. पंचफुलाकडे न पाहता म्हणाले, "तिच्या रडण्यानं भाईर निघालो मी, बाई. नाही तं नसतो निघालो."

पंचफुलानं तोंडात पदर धरला.

पुढं सगळं सुटत गेलं. आणखी पोरं, एक म्हातारा, मग आणखी एक चिंधी. "गोविंदाची पोरगी संघमित्रा गेली. ताप." मी नाव लिहिलं. रकाना अरुंद, नाव मोठं, तरी मी ते तोडलं नाही, आखल्या रेघेच्या बाहेर जाऊ दिलं. मग कॅलेंडरावर दिवस मोजले, सव्वीस ऑगस्टला जन्म, तेरा सप्टेंबरला मृत्यू. वयाच्या रकान्यात लिहिलं, अठरा दिवस.

पुंजाजींचं सप्टेंबरअखेरपर्यंत सांगून झालं. मी सही केली, त्यांचा अंगठा घेतला. मग पंचफुलाला जवळ बोलावलं आणि कुठं काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचून दाखवलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव. ती प्रत्येकावर मान हलवत होती.

"वय अठरा दिवस."

मान हलली नाही. "एकोणीस, साहेब."

मी पुन्हा मोजलं. "अठराच होतात, बाई."

"ते गेली त्या रोजी दिवस निघाला होता. माया मांडीवर उन्ह आलं होतं, तिच्या तोंडावर. तवा होती ते." तिचा आवाज पार खाली गेला. "तो रोज धरा नं."

रजिस्टरात खाडाखोड करू नये, असा नियम आहे. मी अठरा खोडलं, वर एकोणीस लिहिलं आणि शेजारी पूर्ण सही केली.